टोपली मी हलवली होती

मयताला फोटोग्राफर कशाला, हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर तोंडपाठ झालं आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत पेटीचं झाकण लावण्याआधी घरची माणसं पेटीभोवती उभी राहतात आणि एक फोटो काढून घेतात. दुबईच्या मुलाला विमान मिळालेलं नसतं, नागपूरची बहीण पोचलेली नसते, त्यांच्यासाठी तो फोटो. मी स्टुलावर चढून काढतो, फ्लॅश मारत नाही आणि रडणाऱ्याला थांब म्हणत नाही. सुरुवातीला एवढं शहाणपण नव्हतं. पहिल्याच मयताला सवयीने माझ्या तोंडून "रेडी?" निघून गेलं आणि वारलेल्या म्हातारीच्या धाकट्या भावाने झटकन केस सारखे केले. केसांवरून फिरलेला तो हात मला अजून दिसतो.

भिवंडीत कामतघरला माझा स्टुडिओ आहे. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. लूम चालू असले की माझी जमीन थरथरते आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्यातसुद्धा गिऱ्हाइकाला दोन नाकं येतात. म्हणून लाईट गेली की बाकीची दुकानं थंडावतात आणि माझं सुरू होतं. लूम थांबतात, मी बॅटरीवरचा फ्लॅश काढतो आणि बाहेर खोळंबलेल्यांना हाक मारतो. गिऱ्हाईक बहुतेक लूमवरचेच. एकजण शिफ्ट सुटल्यावर थेट आला आणि म्हणाला, "चाचा, कपड़े पे रुई नहीं दिखनी चाहिए. गाँव में बोला है ऑफिस में बैठता हूँ." मी त्याला माझा कोट चढवला, खुर्चीत बसवलं, पुढ्यात बंद पडलेला टेलिफोन ठेवला. जाताना तो स्वतःच साहेबासारखा चालत गेला. स्टुडिओचं काम म्हणजे एवढंच. नको ते बाजूला करायचं आणि हवं ते पुढ्यात ठेवायचं. लोकांच्या घरी फोटो काढायला गेलो की झाडू, कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, दोरीवरचे कपडे, सगळं मी आधी दाराआड सरकवत असे. त्याचा मला अभिमानही होता.

माझं दुसरं काम आमच्या मंडळीसाठी, म्हणजे आमच्या चर्चसाठी. मंडळीचं एक छोटं मासिक निघतं आणि त्यात दर महिन्याला एक साक्ष छापतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. कोर्टातल्यासारखंच, पाहिलं-भोगलं तेवढंच बोलायचं. मासिकाच्या संपादक बाई म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्या साक्ष लिहून घेतात आणि त्या माणसाच्या घरी जाऊन फोटो काढायला मला पाठवतात. पहिल्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, "दाविदराव, हा स्टुडिओ नाही. जे आहे, जसं आहे, तसंच यायला हवं. देव घराघरांत कसा राहतो ते लोकांना बघू द्या."

मी "हो बाई" म्हणालो. पण जित्याची खोड. तानसा नदीत एक बाप्तिस्मा होता. पाळकसाहेबांनी एका तरुणाला पाण्यात बुडवून वर काढलं आणि नेमका त्याच क्षणी माझा पाय शेवाळावरून घसरला. मी काठावरून मोठ्याने म्हणालो, "पाळकसाहेब, परत एकदा घ्या ना!" मंडळी गाणं म्हणता म्हणता थांबली. कमरेएवढ्या पाण्यातून पाळकसाहेब म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच असतो, दाविदराव. फोटो चुकला तो तुमचा." सगळे हसले, मीही हसलो. तेव्हाच शहाणा झालो असतो तर पुढचं घडलं नसतं.

पुढचं म्हणजे, माझ्या एका फोटोपायी एका बाईला नवऱ्याच्या घरातून बाहेर पडावं लागलं. चूक माझी होती आणि शिक्षा तिला झाली. तेव्हापासून कोणाच्याही घरात गेलो की मी आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. लोकांना ती नम्रता वाटते. वाटू दे.

तिला इथे मी लाडकी म्हणतो, तिच्या नवऱ्याला चैतू. खरी नावं वेगळी आहेत. वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला एका वारली पाड्यावर त्यांचं घर. पावसाळ्यात थोडी नाचणी, थोडा भात, पुढे लाडकी वीटभट्टीवर आणि चैतू काल्हेरच्या गोदामात माल चढवायला. तो आठ-आठ दिवस तिकडेच राहतो. त्यांना एकच मुलगी होती. भट्टीवर असताना तिला ताप भरला, लाडकीने तिला दवाखान्यात आणून ठेवलं आणि अकराव्या दिवशी पोर गेली. त्या अकरा दिवसांत आमच्या मंडळीतल्या मार्थाबाई रोज दुपारी भाकरी बांधून वॉर्डात जायच्या आणि लाडकीशेजारी बसायच्या. त्या आपणहून धर्माचं एक अक्षर बोलल्या नाहीत. मुळात त्यांना फारसं बोलताच येत नाही. दोन महिन्यांनी लाडकी आपणहून त्यांचा पत्ता शोधत उपासनेला आली.

वर्षाने ती साक्षीला उभी राहिली. ती काय बोलली ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "माजी पोर वाचली न्हाय. येशूनं वाचवली न्हाय. पन अकरा दिस माज्यापाशी घरचं कोनी न्हवतं, तवा ही बाय बसली. मी इचारलं, तुला कोनी धाडलं? तर ही म्हनली, येशूनं. मंग मी म्हटलं, जो बसाया मानूस धाडतो, त्याच्याशी मी बोलीन." आमच्याकडे आजार बरे झाल्याच्या, नोकरी लागल्याच्या साक्षी पुष्कळ होतात आणि प्रत्येकीनंतर मोठ्याने हालेलुया होतो. हिच्यानंतर कोणी काही म्हटलं नाही. मला वाटतं, कोणाला धीर झाला नाही.

तिच्या घरात एक ठराव होता. तोही तिनेच सांगितला. "त्याचा देव तो बघतो, माजं पुस्तक मी बघते. तो पुस्तकाला हात लावत न्हाय, मी टोपलीला लावत न्हाय." आतल्या कोपऱ्यात फळीवर चैतूच्या घराण्याचा देव होता. बांबूची झाकलेली टोपली आणि तिच्यात खोचलेला मोरपिसांचा जुडगा. तिला घरच्या पुरुषाने आंघोळ करून हात लावायचा, दुसऱ्या कोणी नाही. लाडकीला अक्षरओळख नव्हती, तरी बायबलचा नवा करार ती रोज उघडून मांडीवर घ्यायची. एका खोलीत दोन्ही होतं आणि भांडण नव्हतं. आमच्या मंडळीतल्या काहींना हे खटकायचं, पाड्यावरच्या काहींनाही खटकायचं, पण त्या दोघांचं चाललं होतं.

साक्षीच्या फोटोसाठी मी सकाळी तिच्या घरी पोचलो. चैतू काल्हेरला होता. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं आणि लाडकी पुस्तक घेऊन उन्हात बसली. मी एक फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर मोरपिसं बरोबर तिच्या डोक्यामागे उभी. स्टुडिओवाल्याच्या डोळ्याला ते खुपलं. शिवाय मनात आलं, मंडळीतले लोक बघतील तर म्हणतील, ही कसली येशूची विश्वासी? तेवढ्यात ती शेजारणीकडे दूध आणायला गेली. मी टोपली उचलली आणि दाराआड ठेवली. ती परत आली, ऊन सरकायच्या आत मी तिला पुन्हा बसवलं. कोपऱ्याकडे तिची पाठ होती. पुढे ती चहाचे कप विसळायला बाहेर गेली तशी मी टोपली फळीवर होती तशी ठेवून दिली. तिला काही कळलं नाही.

फोटो चांगला आला होता, हे सांगायला लाज वाटते, पण आला होता. सारवलेल्या भिंतीचा मोकळा कोपरा, ऊन, ती आणि पुस्तक. बाईंनी पानभर छापला. मंडळीत लोकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, दाविदराव, या फोटोत देव दिसतो.

पूर्वी मासिक मंडळीबाहेर जात नसे. आता कोणीतरी पान मोबाईलवर टाकतं आणि ते कुठेही पोचतं. काल्हेरच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत एकाने चैतूसमोर फोन धरला, "ये तेरी घरवाली है ना?" चैतूने बायको पाहिली, आपलं घर पाहिलं आणि रिकामा कोपरा पाहिला. ड्युटी टाकून तो घरी गेला. टोपली जागच्या जागी होती, त्याने तर तो जास्तच पेटला. म्हणजे आपण कामावर गेलो की ही देव बाहेर काढते आणि आपण यायच्या वेळी परत ठेवते! लाडकी मेलेल्या पोरीची शपथ घेऊन सांगत राहिली, मी हात लावला नाही. तो फोन पुढे धरून एकच विचारत राहिला, "फोटू खोटं बोलतो का?" पाड्यावरची माणसं जमली. त्याच दुपारी ती पुस्तक आणि दोन लुगडी घेऊन भावाच्या पाड्यावर गेली.

मला हे आठवड्याने कळलं. मार्थाबाई स्टुडिओत आल्या आणि सगळं सांगून म्हणाल्या, "भाऊ, ती खोटं बोलायची नाही हो. मग फोटोतली टोपली गेली कुठे?" मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर संगणकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. पहिल्यात मोरपिसं होती, दुसऱ्यात नव्हती. आयुष्यभर मी लोकांना चांगलं दाखवण्यासाठी खोटं केलं होतं. इथे त्याच खोट्याने एका बाईविरुद्ध साक्ष दिली होती, तीही खोटी.

मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "दिवस कसे आहेत ते बघा. ख्रिस्ती माणसाने आदिवासींचा देव हलवला, एवढीच बातमी फिरेल. मग दगड तुमच्या दारावर नाही, मार्थाबाईंच्या दारावर पडतील. थोडं थांबा. नवरा-बायकोचं आहे, मिटेल." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी दोन दिवस थांबलो. पण मला ते पटलं म्हणून थांबलो नव्हतो, सोयीचं होतं म्हणून थांबलो होतो. तिसऱ्या दिवशी दोन्ही फोटो छापून घेतले आणि संपादक बाईंकडे गेलो.

बाईंनी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. मग समोरचा कागद ओढून तीन ओळी लिहिल्या: "मागील अंकातील छायाचित्र खरे नाही. घरातील देवाची टोपली छायाचित्रकाराने हलवली होती. त्या घरच्या बाईने नाही."

"हे पानभर छापणार," त्या म्हणाल्या. "फोटो जेवढा होता तेवढ्याच जागेत."

"पाळकसाहेब रागावतील, बाई."

"रागावू देत. पण तिच्या नवऱ्याला हे मासिकातून कळता कामा नये. उद्याची पहिली बस पकडा."

वज्रेश्वरीला उतरून पुढे चालत गेलो. चैतू त्या दिवशी घरीच होता. ओट्यावर त्याच्याबरोबर पाड्यावरचा म्हातारा भगत आणि आणखी दोघे बसले होते. मी पिशवीतून पहिला फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "टोपली मी हलवली होती. लाडकीला माहीतसुद्धा नव्हतं."

चैतूने फोटो उचलला नाही. बसल्या जागेवरूनच खाली बघत होता.

"कंच्या हातानं?"

"दोन्ही."

"आंगोळ केली व्हती?"

"सकाळी केली होती."

"पायात?"

इथे खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं. "चपला होत्या," मी म्हणालो.

त्या दोघांतला एकजण ताडकन उठला. चैतूने हाताने खूण करून त्याला बसवलं. भगत म्हणाला, "याच्याकडनं नारळ नि कोंबडी घ्यावी. देवाचं करावं लागंल." मी लगेच खिशात हात घातला. सुटलो, असंच वाटलं असणार मला.

"नगं," चैतू म्हणाला. "त्याचा देव येगळा, माजा येगळा. माज्या देवाचं माजं मी करीन." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "पन तुमी केलंत कशापाई? टोपलीनं तुमचं काय अडलं व्हतं?"

बाकीची कारणं तोंडाशी येऊन परत गेली. शेवटी खरं होतं तेच म्हणालो, "फोटोत बरं दिसत नव्हतं."

"आमचं बरं दिसत न्हवतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्याने अंगात शर्ट घातला, फोटो उचलला आणि म्हणाला, "चला. हे तिच्यासमोर बोला." तासभराची वाट होती.

लाडकी भावाच्या अंगणात सुपाने नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून थांबली नाही. मी जे ओट्यावर सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं, चपलांसकट. चैतूने फोटो पुढे केला. "ह्यो खरा हाय. चल घरी."

तिने फोटोकडे पाहिलंही नाही. "एक फोटू बघून घालवलंस, दुसरा बघून न्यायला आलास. मी मदी बोलत व्हते, तवा तुजे कान कुटं व्हते?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि काका, तुमाला मी घरात घेतलं. च्या पाजला." एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. हे ऐकून घ्यायलाच मी आलो होतो, पण ऐकताना मान वर करता आली नाही.

चैतू अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. "कोपरा मोकळा दिसला तसं माजं डोस्कं फिरलं," तो म्हणाला.

"टोपलीसाटी फिरलं. पोर मरत व्हती तवा न्हाय फिरलं. अकरा दिस मी दवाखान्यात एकली, नि तू घरी बसलास."

"घरी बसलो न्हाय." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "पोरीसाटी मागनं मांडलं व्हतं देवाला. मागनं मांडल्यावर गावाची शीव वलांडता येत न्हाय. रोज एक मूठ तांदूळ घालायचा टोपलीत, पोरीच्या नावानं. मी बी जेवलो न्हाय. अकरा मुठी झाल्या, नि मंग निरोप आला." त्याने पायाजवळ सांडलेला नाचणीचा दाणा उचलला. "तांदूळ मी काडलंच न्हाय. अजून हाय तितंच. कीड लागली असंल, पन माजा हात झाला न्हाय. फोटूत टोपली दिसली न्हाय, तवा मला वाटलं, तू तेच टाकलंस."

लाडकीच्या हातातलं सूप खाली टेकलं. ती टोपली उचलताना मला पिसांच्या मानाने जड लागली होती, एवढंच मला आठवलं. ज्या पोरीसाठी आई वॉर्डात बसली होती त्याच पोरीसाठी मागितलेलं बापाचं मागणं मी चपला घालून दाराआड ठेवून आलो होतो. मला तिथून उठून जायचं होतं आणि जाववत नव्हतं.

"मला का न्हाय सांगितलंस?" लाडकीने विचारलं.

"तू इचारलं न्हाय. दवाखान्यातनं आल्यापासनं तू बी गप झालीस."

तिने सुपातली नाचणी मडक्यात ओतली, हात झटकले आणि आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली. अंगणाच्या टोकाला पोचल्यावर मागे वळली.

"अकराच्या अकरा हायेत?"

"हायेत."

"मला बगायचं हाय," ती म्हणाली. "हात न्हाय लावनार."

चैतू उठून पुढे झाला आणि ती त्याच्या मागोमाग उतरणीला लागली. मला कोणी चला म्हटलं नाही, आणि मी गेलो नाही.